भूतकाळ अजून शिकवलेला नाही

खोटं बोलण्याचं रीतसर शिक्षण कुठं मिळतं असं कुणी विचारलं तर मी परकीय भाषेच्या प्राथमिक वर्गाचा पत्ता देईन. वकिली, विमा, राजकारण आणि वधूवर सूचक मंडळं ही या कलेतली जुनी घराणी. पण तिथंसुद्धा बोलण्यात थोडंफार खरं मिसळावं लागतं, नाहीतर गिऱ्हाईक उठून जातं. आमच्या स्पॅनिशच्या वर्गात तीही अट नव्हती. वाक्य व्याकरणाला धरून असलं की पुरे. ते सत्याला धरून आहे का, हे विचारायला मॅडमना वेळ नव्हता आणि सांगायला आमच्याकडे शब्द नव्हते.

पहिल्याच महिन्यात इंजिनिअरिंगच्या एका मुलानं भर वर्गात जाहीर केलं की त्याच्याकडे एक कुत्रा आहे, तो काळा आहे आणि मोठा आहे. मॅडम म्हणाल्या, "मुय ब्येन!" म्हणजे फार छान. वर्ग सुटल्यावर मी त्याला सहज कुत्र्याची जात विचारली.

"काका, कुत्रा कुठला? आमच्या सोसायटीत कुत्र्याला बंदी आहे."

"मग नाही म्हणायचंस."

"नाही म्हटलं की मॅडम 'का' विचारतात. मग वार्षिक सभेत ठराव झाला, सेक्रेटरींना पूर्वी एकदा चावला होता, हे सगळं स्पॅनिशमध्ये कोण सांगणार? त्यापेक्षा कुत्रा पाळलेला परवडला."

मला हे पटलं. खऱ्याला शब्द जास्त लागतात. खोटं सुटसुटीत असतं. पुस्तकात 'मोठं घर' आणि 'बाग' हे शब्द पहिल्या धड्यात आहेत, म्हणून वर्गातले निम्मे लोक बागेसकट मोठ्या घरात राहायला गेले. दोन खोल्या, त्यांतली एक भावाच्या नावावर आणि कोर्टात दावा चालू, याला लागणारे शब्द फार पुढच्या इयत्तेत येतात. शब्दसंग्रह हाच ज्याचा त्याचा पगार. त्यात बसेल तेवढंच आयुष्य जगायचं.

मी स्पॅनिश का शिकायला लागलो, हे विचारण्याचा वाचकांना हक्क आहे. कारण आध्यात्मिक नाही. मुलीनं प्रवेश घेतला, फी भरली आणि आठ दिवसांत तिला बंगळूरला नोकरी लागली. फी परत मिळत नाही असं पावतीच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण विद्यार्थी बदलता येणार नाही असं कुठंच छापलेलं नव्हतं. बँकेत तेवीस वर्षं काढलेला माणूस न छापलेलं आधी वाचतो.

आणि खरं सांगतो, भाषा निघाली घरची. स्पेन धरून वीसेक देशांची ही राजभाषा, पण मराठी माणसाला तिच्यात पाहुण्यासारखं वाटत नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर जे क्रियापद आलं ते 'पागार'. अर्थ, पैसे देणे. आपला पगार हाच. तो आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पुढं 'तू' आला. त्याचा अर्थ तू. मग 'मी' आला आणि त्याचा अर्थ मात्र निघाला 'माझा'. मी कासा म्हणजे माझं घर. मी आणि माझं ही एकाच दुखण्याची दोन नावं, असं आपले संत बजावत आले. या लोकांनी दोन्हींची सोय एका शब्दात केली आहे.

'मे गुस्ता एल ते' म्हणजे मला चहा आवडतो. इंग्रजी माध्यमातली पोरं इथं घाम पुसत होती, कारण इंग्रजीत आवडण्याचं काम माणूस करतो. स्पॅनिशमध्ये ते काम चहा करतो, माणसानं नुसतं 'मला' म्हणून बसायचं. आंबा एक असला तर 'गुस्ता', अनेक असले तर 'गुस्तान'. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. शब्दाला शब्द! काकू आणि मी हे वाक्य ऐकून माहेरी आल्यासारखे हसलो.

काकूंची ओळख अजून करून द्यायची आहे. त्या येतीलच.

मौजेचे प्रकारही पुष्कळ. 'बांको' म्हणजे बँक आणि बांको म्हणजेच बाक. त्यामुळे 'त्राबाखो एन उन बांको' या माझ्या वाक्याचा अर्थ मी बँकेत काम करतो असाही होतो आणि बाकावर बसून काम करतो असाही. दोन्ही खरे. 'कासादो' म्हणजे विवाहित, 'कान्सादो' म्हणजे थकलेला. मध्ये एका न्‌चं अंतर. आमच्या वर्गातल्या एका नवविवाहित गृहस्थांनी पहिल्या महिन्यात ते अंतर कापलं आणि मॅडमनी दुरुस्त केलं तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या मॅडम, चालेल." 'एस्पोसा' म्हणजे बायको आणि त्याचंच अनेकवचन 'एस्पोसास' म्हणजे हातकड्या. वर्षाला 'आन्यो' म्हणतात. त्यातल्या न वरची नागमोडी रेघ द्यायची राहिली तर वयाऐवजी शरीराच्या अशा भागाचा उल्लेख होतो की ज्याचं नाव घरात वाचायच्या पुस्तकात छापता येत नाही. प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी असतंच, पण सुरुवातीलाही उलटं टांगलेलं असतं. १७५४ साली तिथल्या भाषा अकादमीनं तसा दंडकच घातला. प्रश्न येतो आहे, सावध राहा, अशी ही आगाऊ सूचना. आमच्या शाखेत येणाऱ्या इन्स्पेक्टरांनी ही पद्धत उचलायला हरकत नाही.

असो. आता काकू.

वय पासष्टच्या आसपास. नऊवारी नाही, पण पाचवारीसुद्धा नऊवारीच्या शिस्तीत नेसलेली. मुलगी व्हॅलेन्सियाला, जावई तिथलाच, नात पाच वर्षांची. नातीला मराठीतले 'ये', 'खा' आणि 'आजी' एवढेच शब्द येत होते. "मी तिला मराठी शिकवायला तिकडे जाऊन राहू शकत नाही, तेव्हा मीच शिकते झालं," असं त्यांचं गणित. वर्गात सगळ्यांत स्वच्छ वही त्यांची. मॅडम वयानं त्यांच्या मुलीपेक्षा लहान. काकू त्यांना एका दमात मॅडमही म्हणत आणि अगंही म्हणत. "मॅडम, अगं हे 'एच' लिहायचं आणि म्हणायचं नाही, हे काय गं?"

स्पॅनिशमध्ये 'तू' आहे तसं आदरार्थी 'उस्तेद'ही आहे. ते 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनापासून झिजत झिजत आलं. म्हणून त्याच्या पुढं क्रियापद तिसऱ्या पुरुषाचं लागतं. आपल्या सरकार-दरबारी बोलण्यासारखंच. मॅडमनी नवरा-बायकोचा संवाद लिहून आणायला सांगितला. काकूंच्या संवादात बायको नवऱ्याला सारखी उस्तेद म्हणत होती.

"काकू, स्पेनमध्ये नवऱ्याला तू म्हणतात."

"म्हणत असतील. माझी जीभ नाही रेटत."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि कोलंबियाच्या काही भागांत नवरा-बायकोही एकमेकांना उस्तेद म्हणतात, असं सांगून संवाद पास केला. काकूंचं कोलंबियाविषयीचं मत त्या दिवसापासून चांगलं झालं.

मग आला कुटुंबाचा धडा. प्रत्येकानं उभं राहून घरातल्या एका माणसाविषयी पाच वाक्यं बोलायची. "तुमच्या यजमानांचं नाव काय?" या प्रश्नाला काकू लाजल्या आणि उखाणा घेतलेला चालेल का म्हणाल्या. स्पॅनिशमध्ये उखाणा जुळेना, तेव्हा नाव त्यांनी तोंडातल्या तोंडात उरकलं. पुढची वाक्यं मात्र खणखणीत. "मी मारीदो एस माएस्त्रो. एस आल्तो. ले गुस्ता एल ते. नो ले गुस्ता एल आरोस." माझे यजमान शिक्षक आहेत. उंच आहेत. त्यांना चहा आवडतो. भात आवडत नाही.

बाकी सगळ्यांचे नातेवाईक पुस्तकातून आलेले होते. सगळे सुंदर, सगळे डॉक्टर, सगळ्यांना फुटबॉल आवडणारा. भात न आवडणारा माणूस पुस्तकात नव्हता. हा एकटाच गृहस्थ घरून आलेला दिसत होता.

वर्ग सुटला तेव्हा पाऊस लागला होता. त्या इंजिनिअरिंगच्या मुलानं विचारलं, "काकू, काका न्यायला येणारेत का, की रिक्षा बघू?"

"ते जाऊन चार वर्षं झाली रे," काकू छत्री उघडत म्हणाल्या.

"अहो, पण तुम्ही तर आत्ता..."

"मग काय करू? मॅडमनी भूतकाळ कुठं शिकवलाय अजून?"

आणि त्या गेल्या.

पायऱ्यांवर आम्ही चार-पाच जण होतो. त्यांत एक निवृत्त ऑडिटर होते. वय एकाहत्तर. स्पॅनिश ते कशासाठी शिकत होते ते कळलं नाही. बहुधा चुका काढायला भाषा कमी पडायला लागल्या असाव्यात. ते म्हणाले, "हे बरोबर नाही. भूतकाळ आला नाही हे मान्य. पण 'नो तेंगो मारीदो', मला नवरा नाही, हे वाक्य दुसऱ्या धड्याच्या आधारावर करता येतं. शब्द उपलब्ध असताना खोटं बोलणं म्हणजे खोटंच."

पुढच्या वर्गाला ते डिक्शनरी घेऊनच आले. "वहिनी, तुम्हाला हवा तो शब्द आहे. विउदा. आपला विधवा आणि हा एकाच मुळातले. लॅटिनमध्येही तसाच." हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की त्यांचा राग करणं कठीण होतं. शंभर वर्षं हरवलेलं व्हाउचर सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

काकूंनी तो शब्द पाहिला. म्हणाल्या, "ऑडिटरसाहेब, तो मराठीत आहे ना? मराठीत मी तो स्वतःला कधी लावला नाही. मग स्पॅनिशमध्ये कशाला शिकू?"

मी बी.कॉम. नीतिशास्त्र आम्हाला नव्हतं. त्याची जागा ऑडिटिंगच्या पेपरात एका टीपेपुरती होती आणि ती टीप ऑप्शनला टाकायची प्रथा होती. पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. काकू खोटं बोलल्या का?

थोर लोकांना विचारावं तर त्यांच्यातच एकवाक्यता नाही. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९७ साली लिहून ठेवलं की खुनी माणूस दाराशी येऊन तुमचा मित्र घरात आहे का असं विचारायला लागला, तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. उलट आपल्या महाभारतात, कर्णपर्वात, कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. सत्य बोलण्याचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांनी विचारलं, लोक कुठं लपलेत? यानं खरं ते सांगितलं, लोक मारले गेले आणि हा सत्यवादी गृहस्थ नरकात गेला. म्हणजे कांटसाहेब ज्याला पैकीच्या पैकी मार्क देतील त्याला श्रीकृष्ण नापास करतो. सामान्य माणसानं कुठल्या बोर्डाचा अभ्यासक्रम धरावा?

आणि धर्मराज. त्यानं अश्वत्थामा मेला हे मोठ्यांदा सांगितलं, हत्ती हे हळू सांगितलं. वाक्य तपासलं तर शब्दन् शब्द खरा. आमच्या ऑडिटरसाहेबांनी हिरव्या शाईनं बरोबरची खूण केली असती. तरीसुद्धा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, कारण ऐकणाऱ्याच्या मनात खोटं उतरावं एवढ्यासाठीच ते खरं बोललं गेलं होतं. मग याचं उलटं का होऊ नये? शब्दन् शब्द खोटा, पण फसवण्याचा हेतू काडीचा नाही, अशा वाक्यानं रथ चार बोटं वर उचलायला काय हरकत आहे? स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गाचं तर विमानच झालं असतं.

हे मी ऑडिटरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही बँकेत आहात आणि असं बोलता?"

टोमणा वर्मी लागला, कारण बँकेत 'आहे' आणि 'होता' यांतलं अंतर पैशात मोजलं जातं. दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात आमच्या काउंटरसमोर पेन्शनरांची रांग लागते. प्रत्येकानं यायचं आणि आपण हयात आहोत असं लिहून द्यायचं. २०१४ पासून हे घरबसल्या डिजिटल पद्धतीनंही करता येतं, पण पुष्कळांना ते समक्ष करायला आवडतं. आपण जिवंत आहोत हे मोबाइलला पटण्यापेक्षा माणसाला पटलेलं बरं वाटतं. या रांगेचं कारण हेच, की काही घरांत गेलेल्या माणसाचा वर्तमानकाळ मुद्दाम चालू ठेवतात. सासरे वारलेले असतात, पेन्शन येत असते, एटीएम कार्ड सुनेच्या पर्समध्ये असतं. 'बाबा आहेत ना, झोपलेत.' हे वाक्यसुद्धा वर्तमानकाळीच आहे. ते खोटं आहे, आणि त्याची किंमत कुणाच्या तरी खिशातून जाते आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्याच काउंटरवर दुसऱ्या प्रकारचीही माणसं येतात. एक बाई गेली काही वर्षं पासबुक भरायला येतात. खातं दोघांचं, 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' या पद्धतीचं. यजमान गेले ते आम्हाला माहीत आहे. ते रोज येऊन आमचाच पेपर वाचायचे. बाईंना पैसे काढायला काही अडचण नाही, तशी ती योजनाच आहे. पण नियमानं मृत्यूचा दाखला देऊन नाव कमी करून घ्यायचं असतं. मी तसं सांगतो. त्या "आणते हं दाखला" म्हणतात. पुढच्या खेपेला मी पुन्हा सांगतो, त्या पुन्हा आणते म्हणतात. पासबुकावर दोन नावं छापून येतात, त्या ती वाचतात, पासबुक पिशवीत ठेवतात आणि जातात. त्या खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. सांगायचं मी सोडणार नाही, कारण माझी नोकरी तीच आहे. पण "आणते" या शब्दाचा काळ व्याकरणात वर्तमान असला, तरी तो नक्की कधीचा, हे मी त्यांना विचारत नाही.

तेव्हा माझं मत असं झालं, की वाक्य खोटं आहे का हे पाहण्याआधी त्या वाक्यानं कुणाला कुठं नेऊन सोडलं हे पाहावं. काकूंच्या वाक्यानं कुणाचं काही घेतलं नव्हतं. फार तर आम्हा चारचौघांची थोडी सहानुभूती वाचवली होती.

ऑडिटरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि शेवटी चष्मा काढून एकच प्रश्न टाकला. "आणि ती नात? ही वाक्यं वहिनी पाठ करताहेत कुणासाठी? उद्या फोनवर त्या पोरीला सांगतील, आजोबा शिक्षक आहेत, त्यांना चहा आवडतो. पोर आजोबांची वाट बघायला लागली तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक काढण्यात हयात गेलेला माणूस कधी कधी नेमक्या जागी बोट ठेवतो.

दोन आठवड्यांनी स्पॅनिशमधलं ते प्रसिद्ध संकट आलं. आपल्याकडे 'आहे' एक, त्यांच्याकडे दोन. सेर आणि एस्तार. नवशिक्यांना ढोबळ नियम सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मी पुण्याचा आहे, इथं सेर. ते बदलणारं नाही याची कल्पना स्पेनपर्यंत पोचली असावी. मी थकलो आहे, एस्तार. झोपलं की जातं. विवाहित असणं दोन्हींनी चालतं, हे ऐकून तो नवविवाहित गृहस्थ बराच वेळ विचारात पडला.

मग मॅडमनी अपवाद सांगायला घेतले. माद्रिद स्पेनमध्ये आहे, इथं एस्तार. जागा सांगताना नेहमी एस्तार. माद्रिद काही दौऱ्यावर निघालेलं नाही, पण असो, पटवून घेतलं. आणि मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'एस्ता मुएर्तो'. तो मेलेला आहे. एस्तार.

ऑडिटरसाहेब उभे राहिले. "मॅडम, हे तात्पुरतं कसं?"

वर्ग हसला. मॅडमनी सांगितलं, की कायम आणि तात्पुरतं हा नियम पोरांसाठी आहे. खरं म्हणजे सेर सांगतं माणूस कोण आहे, आणि एस्तार सांगतं काही घडल्यावर तो कुठल्या अवस्थेत आला. एस्तार हे लॅटिनमधल्या उभं राहणं या क्रियापदापासून आलं. घरी येऊन मी पाहिलं, तर आपल्या संस्कृतातला 'स्था' हा त्याचाच भाऊबंद. स्थिती, अवस्था, स्थान, सगळे त्याच घरातले. तेव्हा स्पॅनिश माणसाच्या लेखी मरण ही एक अवस्था आहे. शिक्षक असणं, उंच असणं, हे सेर. ते माणसाचं स्वतःचं. मरण हे नंतर येऊन चिकटलेलं.

काकूंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. बोलल्या काही नाहीत.

भूतकाळ आला तो दिवाळीनंतर. एक नव्हे, दोन आले. एक घडून संपलेल्या गोष्टींचा. दुसरा घडत असायचं त्याचा. त्याला ते लोक अपूर्ण म्हणतात. इंग्रजीवाले पुन्हा घाम पुसायला लागले. आम्हाला त्यात नवल नव्हतं. 'त्यांनी चहा घेतला' हा पहिला आणि 'त्यांना चहा आवडायचा' हा दुसरा. आवडायचा, बसायचे, म्हणायचे. मराठी बायकांचं निम्मं बोलणं याच काळात चालतं.

मॅडमनी कुटुंबाची ती पाच वाक्यं भूतकाळात लिहून आणायला सांगितली. काकूंनी आणली. "एरा माएस्त्रो. एरा आल्तो. ले गुस्ताबा एल ते." शिक्षक होते, उंच होते, चहा आवडायचा. भाताचं वाक्यही रीतसर मागं गेलेलं. सगळं अपूर्ण भूतकाळात, एकही चूक नाही. फक्त पहिलं वाक्य जागचं हललेलं नव्हतं. 'से यामा', त्यांचं नाव अमुक आहे.

मॅडमनी लाल पेन टेकवलं. "काकू, इथं 'से यामाबा' हवं. नाव होतं."

"का गं मॅडम? नाव कुठं बदललंय त्यांचं?"

मॅडमनी पेनला टोपण घातलं. मी ऑडिटरसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

नातीचा विषय मग काकूंनीच काढला, डिसेंबरमध्ये. रविवारी व्हिडिओ कॉल झाला होता. पोरीनं मागच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? काकू म्हणाल्या, तुझे आजोबा. मग तिनं विचारलं, "दोन्दे एस्ता एल आबुएलो?" आजोबा कुठं आहेत?

"मग?" ऑडिटरसाहेबांनीच विचारलं.

"मुएर्तो शब्द येत होता मला. मॅडमनी शिकवलेला. तोंडापर्यंत आला होता." काकूंनी पदर सारखा केला. "मग म्हटलं, ते तिची आई सांगेल तिला सवडीनं, तिच्या भाषेत. मी म्हटलं, एस्ता एन ला फोतो. फोटोत आहेत."

"मग काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? आजोबांना हात केला तिनं आणि मला जेवलीस का म्हणून विचारलं. ते मला कळलं, बरं का, पहिल्या झटक्यात."

वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. ऑडिटरसाहेबांनी वही उघडली, पानं मागंपुढं केली आणि म्हणाले, "वहिनी, तिथं एस्तार वापरलंत ते बरोबर आहे. जागा सांगताना एस्तार."

"भिंतीवरच आहे ना फोटो," काकू म्हणाल्या.

मॅडमनी फळा पुसला आणि सांगितलं की या वर्गाचा अभ्यासक्रम इथं संपला. भविष्यकाळ पुढच्या लेव्हलला. ऑडिटरसाहेबांनी त्याची फी वेगळी पडते का ते विचारलं. वेगळी पडते म्हणाल्या.